रुबेलाची लस आणि आपल्या मुली : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीतल्या मुलींच्या आया, कॉलेजात जाणाऱ्या मुली, आश्रमशाळांच्या अधीक्षिका आणि लग्न ठरलेल्या घरांतली माणसं रुबेलाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधून तिथून सुरुवात करा. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने वाचूनच पुढे जावं. रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही. म्हणून मुलीला ती मिळाली आहे की नाही, हे स्थळं बघायला लागण्याच्या आधीच पक्कं करून ठेवायचं.

रुबेला म्हणजे गोवरच ना?

नाही. दोन्ही आजारांत ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, आणि लसही बहुधा एकत्रच मिळते, म्हणून गल्लत होते. पण विषाणू वेगळे आहेत. गोवरात मूल चांगलंच आजारी पडतं : सणकून ताप, लाल डोळे, खोकला, आणि पुढे न्यूमोनियाची भीती. रुबेलात ताप बेताचा असतो. फिकट गुलाबी पुरळ आधी चेहऱ्यावर येतं, तिथून खाली उतरतं आणि तीनेक दिवसांत मावळतं. कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला, केसांची कड जिथे संपते तिथे, बोटाने चाचपलं तर दुखऱ्या गाठी लागतात. वेणी घालताना मुलगी "आई, इथे दुखतंय" म्हणाली आणि अंगावर पुरळही असेल, तर रुबेलाचा विचार करायला हवा. मोठ्या मुलींची आणि बायकांची बोटं, मनगटं, गुडघेही दुखतात.

त्यातही चार जणांतल्या एकाला, कधी कधी तर दोघांना, काहीच होत नाही. ना ताप, ना पुरळ. तरीही त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण होते. पुरळ दिसायच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस रुग्ण हा आजार पसरवू शकतो. खोकला-शिंकांतून तो जातो आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात.

इतका किरकोळ आजार, मग त्याच्यासाठी लस कशाला?

कारण ही लस मुलीच्या आजारासाठी नाहीच, तिच्या पुढे होणाऱ्या बाळासाठी आहे.

गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. बाळाचे डोळे, कान, हृदय आणि मेंदू तयार होण्याचा नेमका हाच काळ असतो. पहिल्या दहा-अकरा आठवड्यांत लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा होऊ शकते. सोळाव्या आठवड्याकडे जाता जाता धोका बराच कमी होतो आणि विसाव्यानंतर तो क्वचितच उरतो. कधी गर्भपात होतो, कधी बाळ पोटातच दगावतं. जे जन्मतं त्याला जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष, लहान डोकं, वाढ खुंटणं यांतलं एक किंवा अनेक असू शकतं. याला जन्मजात रुबेला सिंड्रोम म्हणतात. यातला बहिरेपणा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत उशिरा लक्षात येतो. मूल हाकेला ओ देत नाही, तेव्हा घरचे म्हणतात "उशिरा बोलेल, बापही असाच होता," आणि त्यात मोलाची दोन वर्षं निघून जातात.

हा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तो ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या. १९४१ साली सिडनीत त्यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. चौकशी केल्यावर बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचं कळलं. तोवर डॉक्टर लोकही याला किरकोळ आजार समजत होते. पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे वीस हजार बाळं हा सिंड्रोम घेऊन जन्मली. १९६९ मध्ये लस आली ती त्यानंतर.

या आजारावर औषध नाही. झालेली इजा भरून काढणारी गोळी नाही की इंजेक्शन नाही. आधी घेतलेली लस, एवढाच काय तो उपाय.

माझ्या मुलीला ही लस मिळाली आहे का? आता कसं कळणार?

इथे जरा सावकाश वाचा. सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नात आहे.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने पूर्ण ते पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलामुलींना, आधी काही घेतलं असो वा नसो, एक डोस द्यायचा होता. आधी शाळांमध्ये आणि मग अंगणवाड्या-वस्त्यांवर ही लस दिली गेली. म्हणजे साधारण २००३ च्या अखेरीपासून २०१८ च्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्या मुली त्या वेळी पात्र होत्या. आज हायस्कूलात आणि कॉलेजात असलेल्या बहुतेक मुली यात येतात. त्या दिवशी शाळेत कोण रडलं, कोणाला चक्कर आली, डाव्या अंगठ्याच्या नखावर पेनाने केलेली खूण घरी येऊन कोणी कशी दाखवली, हे अनेकींना अजून आठवतं. लस दिल्यावर एक छोटं कार्डही मिळालं होतं. ते सापडलं तर प्रश्न मिटला.

त्यानंतर जन्मलेल्या मुलींना नेहमीच्या लसीकरणातच गोवर-रुबेलाचे दोन डोस मिळतात : पहिला नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत.

आता गफलत कुठे होते ते सांगते. मोहिमेच्या आधी सरकारी लसीकरणात आपल्याकडे फक्त गोवराची लस होती. तेव्हाच्या माता व बाल संरक्षण कार्डावर "गोवर" अशी नोंद आणि तारीख दिसते, आणि आई निर्धास्त होते. त्या नोंदीचा रुबेलाशी काही संबंध नाही. कार्डावर "गोवर-रुबेला" किंवा "एमआर" असं असेल, किंवा खासगी दवाखान्याच्या फाईलमध्ये "एमएमआर" असेल, तरच रुबेलाचा डोस मिळाला असं धरायचं.

मोहिमेच्या वेळी पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या, म्हणजे २००३ च्या नोव्हेंबरआधी जन्मलेल्या मुली या दोन्हींच्या मध्ये राहून गेल्या. लहानपणी सरकारी कार्यक्रमात त्यांना रुबेलाची लस नव्हती, आणि मोहीम आली तेव्हा त्यांचं वय निघून गेलं होतं. त्यांची लग्नं होतायत, काहींना दिवस गेले आहेत. घरात अशी मोठी लेक, भाची, वहिनी असेल तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तिच्यासाठी आहे.

कार्ड हरवलंय. शाळेत विचारू का?

जरूर विचारा, पण त्यावर विसंबून राहू नका. शाळा बदललेल्या असतात, याद्या जपलेल्या नसतात. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जुनं रजिस्टर असेल तर बघता येतं. काहीच हाती लागलं नाही, तर नियम साधा आहे : लेखी नोंद नसेल तर डोस मिळाला नाही असं धरून लस घ्यायची. आधी मिळालेली असली आणि पुन्हा घेतली, तरी नुकसान होत नाही. शरीरात प्रतिकारशक्ती असेल तर ती लसीतल्या विषाणूला तिथल्या तिथे थोपवते, बस्स.

पाचवीत आणि दहावीत शाळेत इंजेक्शन दिलं होतं, ते हेच का?

नाही. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींना मिळते ती टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीची एचपीव्ही लस तिसरीच. तिन्ही गरजेच्या आहेत, पण एकीने दुसरीचं काम होत नाही.

आधी रक्त तपासून मग लस घ्यावी का?

बहुतेक मुलींना तपासणीची गरज नाही. कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये रुबेला आयजीजी, म्हणजे रक्तात रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी तपासणी, करून घेण्यात जितका खर्च होतो, तितक्यात बहुधा लसच घेऊन होते. तपासणीला गेलेली मुलगी रिपोर्ट घेऊन परत येते, रिपोर्ट दाखवायला पुन्हा वेळ काढावा लागतो, परीक्षा येते, आणि लस राहते ती राहतेच. लस आधी, तपासणी अडली तरच.

तपासणी उपयोगी पडते ती गरोदरपणाची योजना करणाऱ्या बाईला, गरोदर बाईला आणि काही विशेष आजारांत.

रिपोर्टमध्ये "रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह" आलंय. घरात सगळे घाबरलेत.

घाबरण्याचं काहीच कारण नाही, ही चांगली बातमी आहे. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे, मग ती लसीमुळे असो वा लहानपणी नकळत होऊन गेलेल्या आजारामुळे. पॉझिटिव्ह हा शब्द वाचला की लोकांना करोना आठवतो आणि जिवाचं पाणी होतं. आयजीजी निगेटिव्ह आलं तर मात्र लस घ्यायला हवी.

आयजीएम ही तपासणी वेगळी. ती पॉझिटिव्ह असेल तर नुकतीच लागण झाल्याची शक्यता असते. पण ती चुकूनही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून एकाच रिपोर्टवर गरोदर बाईबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. पुन्हा तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला, दोन्ही हवं.

एक डोस पुरतो का? एमआर घ्यावी की एमएमआर?

रुबेलापुरतं बोलायचं तर एका डोसनेच शंभरातल्या पंचाण्णवच्या आसपास जणींना संरक्षण मिळतं आणि ते बहुधा आयुष्यभर टिकतं. दोन डोसांचा आग्रह मुख्यतः गोवरासाठी आहे. म्हणून ज्या मुलीकडे एकही नोंद नाही तिने किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत, आणि जिला मोहिमेतला डोस नक्की मिळाला आहे तिने रुबेलाची चिंता करू नये.

एमआरमध्ये गोवर आणि रुबेला असतात, एमएमआरमध्ये त्यात गालगुंडाची भर पडते. रुबेलाचा भाग दोन्हींत सारखाच काम करतो. मिळेल ती चालेल. सरकारी कार्यक्रमातली एमआर लस आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते.

नाशिकमध्ये ही लस कुठे मिळते?

नियमित सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी मोफत आहे. महापालिकेची रुग्णालयं आणि शहरी आरोग्य केंद्रं, गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि अंगणवाडीतलं लसीकरण सत्र. बाळाला त्याच्या वयात तिथेच घेऊन जा, दोन्ही डोस पूर्ण करा.

मोठ्या मुलींसाठी एमएमआर बालरोगतज्ज्ञांच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मिळते. आधी फोन करून विचारावं, कारण मोठ्या वयासाठी कोणी मागत नाही म्हणून काही दवाखाने ती मागवूनच ठेवत नाहीत. खर्च काहीशे रुपयांचा असतो. साध्या घरातल्या बापालाही तो जमण्यासारखा आहे, पण त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. साथ आली की प्रशासन कधी कधी मोठ्या वयोगटासाठीही जादा सत्रं लावतं, तेव्हा आशाताईच्या संपर्कात राहा.

लस घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघता येतात. ही लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते आणि तिच्यासोबतच्या पाण्यात ती ऐनवेळी कालवतात. कालवल्यानंतर ती थंड ठेवावी लागते आणि चार तासांच्या आत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यायची. सरकारी कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस उन्हातान्हात खराब झालेली नाही असं समजायचं. सिस्टरला "ताई, कधी कालवली?" असं विचारण्यात काही गैर नाही. चांगली सिस्टर कुपीवर वेळ लिहूनच ठेवते आणि विचारलं तर आनंदाने दाखवते.

पाळी चालू असताना घेतली तर चालते का?

चालते. पाळीचा आणि लसीचा काही संबंध नाही. उलट पाळी चालू असेल तर मुलगी गरोदर नाही हे आपोआप कळतं.

या लसीने पुढे मूल होत नाही असं ऐकलंय.

२०१८ च्या मोहिमेत व्हॉट्सॲपवर हे खूप फिरलं आणि त्यामुळे काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. ही गोष्ट खोटी आहे. या लसीत गर्भाशयावर किंवा बीजांडांवर काम करणारं काहीही नसतं. अर्धशतकाहून जास्त काळ जगभरच्या मुली ही लस घेत आल्या आहेत, त्यांना मुलं झाली, त्या मुलांनाही हीच लस मिळाली. ही लस मुळात पुढचं बाळ धडधाकट जन्मावं म्हणूनच तयार झाली. तीच मूल होऊ देत नाही म्हणून बदनाम व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. अफवेपायी ज्या मुली तेव्हा घरी राहिल्या, त्या आता वयात आल्या आहेत. त्यांच्यापर्यंत पोचणं हे आपलंच काम आहे.

लस घेतल्यावर काय त्रास होतो?

हात थोडा दुखतो. सात ते बारा दिवसांनी हलका ताप किंवा थोडं पुरळ येऊ शकतं. मोठ्या मुलींना आणि बायकांना एक ते तीन आठवड्यांनी सांधे दुखू शकतात, ते आपोआप बरे होतात. लस आठवड्यापूर्वी घेतलेली असते, त्यामुळे "हा ताप कशाचा?" म्हणून लोक गोंधळतात. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यू आणि चिकुनगुन्याही असतात, तेव्हा ताप जास्त असेल तर लसीवर ढकलून गप्प न बसता दाखवून घ्या.

तीव्र ॲलर्जी अत्यंत क्वचित होते, पण झाली तर लगेच होते. म्हणून लसीनंतर अर्धा तास तिथेच बसायचं. किशोरवयीन मुलींना कुठल्याही इंजेक्शनने चक्कर येऊ शकते. ती भीतीची आणि उपाशीपोटीची असते, लसीची नव्हे. एकीला आली की शेजारचीलाही येते. म्हणून शाळेत सत्र असेल तर मुलींना डबा खाऊन बसवा, रांगेत ताटकळत उभं ठेवू नका, आणि लस टोचण्याची जागा बाकीच्यांना दिसणार नाही अशी ठेवा.

कोणी घेऊ नये?

गरोदर बाईने. कर्करोगावर औषधं चालू असतील किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर. जिलेटिन, निओमायसिन किंवा याच लसीच्या आधीच्या डोसची जीवघेणी ॲलर्जी झालेली असेल तर. सणकून ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबा. साधी सर्दी, थोडा खोकला, अंड्याची ॲलर्जी ही लस टाळायची कारणं नाहीत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आपल्या आदिवासी पट्ट्यातून सिकलसेलच्या मुलींबद्दल विचारणा होते. सिकलसेल असल्याने लस नाकारायची गरज नाही. मात्र मुलीला नुकतंच रक्त चढवलं असेल, तर त्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे लस लागू पडत नाही, त्यामुळे काही महिने थांबावं लागतं. किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि रक्त चढवल्याची तारीख लिहून ठेवा.

इतर लशींबरोबर एकाच दिवशी घेता येते. मात्र हिच्यासारखीच दुसरी एखादी जिवंत (पण दुबळ्या केलेल्या) विषाणूची लस त्याच दिवशी घेतली नसेल, तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं.

लग्न महिन्यावर आलंय. आता घ्यावी का?

घ्यावी, आणि आजच. फक्त लसीनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. लग्न त्याआधी असेल तर नवरा-नवरीने महिनाभर निरोध वापरावा. हे बोलायला घरात संकोच होतो, कबूल. पण साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सहसा काही महिने हातात असतात. बस्ता, हॉल, पत्रिका यांच्या यादीत एक ओळ "मुलीची एमएमआर" अशी घातली, तर हा संकोच वाट्याला येतच नाही.

कायद्याने अठराच्या आत लग्न करता येत नाही, तरी काही ठिकाणी ती लागतात आणि वर्षाच्या आत पाळणा हलतो. अशा मुलीला लग्नानंतर लस घ्यायला कोणी वेळ देत नाही. शाळेत असतानाच तिला ती मिळायला हवी.

लस घेतली आणि नंतर कळलं की दिवस गेले होते. गर्भ ठेवायचा की नाही?

ठेवायचा. केवळ या कारणासाठी गर्भपात करण्याचा सल्ला कोणीही जाणता डॉक्टर देणार नाही. नकळत लस घेतलेल्या हजारो गरोदर बायकांचा वेगवेगळ्या देशांत पाठपुरावा झाला आहे आणि लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेला सिंड्रोम झाल्याचं आढळलेलं नाही. गरोदरपणात लस द्यायची नाही, ही निव्वळ खबरदारी आहे. डॉक्टरांना सांगा, नेहमीसारखी तपासणी करत राहा आणि शांत झोपा.

मी तीन महिन्यांची गरोदर आहे आणि शेजारच्या मुलाच्या अंगावर पुरळ आलंय.

वाट बघू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आयजीजी आणि आयजीएम तपासून घ्या. आधीपासून आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर जवळजवळ निश्चिंत राहायला हरकत नाही. निगेटिव्ह असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण लागण झालीच असेल तर ती तेव्हा दिसते. आरोग्य केंद्रालाही कळवा. ताप आणि पुरळ असलेल्या रुग्णाचा नमुना सरकारी यंत्रणा गोवर आणि रुबेला या दोन्हींसाठी मोफत तपासते.

आणि आयजीजी निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक बाईने बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी जायच्या आधीच लस मागून घ्यावी. अंगावर पाजत असली तरी चालते.

मुलींना लस दिली की झालं. मुलग्यांना कशाला?

हाच विचार जपानने केला होता. १९७७ पासून तिथे फक्त शाळकरी मुलींना रुबेलाची लस मिळत होती. मुलगे तसेच राहिले आणि मोठे होऊन कामावर जाऊ लागले. २०१२-१३ मध्ये साथ आली तेव्हा बहुतेक रुग्ण हे पुरुष होते. त्यांच्याकडून ती घरी पोचली आणि त्या साथीत ४५ बाळं जन्मजात रुबेला सिंड्रोम घेऊन जन्मली. शेवटी सरकारला मोठ्या वयाच्या पुरुषांसाठी मोफत लसीकरण सुरू करावं लागलं.

ग्रीसची गोष्ट वेगळी, पण आपल्याला जास्त लागू पडणारी. तिथे सत्तरच्या दशकात लहान मुलांना लस द्यायला सुरुवात झाली, पण निम्म्या मुलांपर्यंतही ती पोचत नव्हती. अर्धवट लसीकरणाने विषाणूचं फिरणं मंदावलं. त्यामुळे ज्या मुलींना पूर्वी लहानपणीच हा आजार होऊन गेला असता, त्या तो न होता, लसही न घेता मोठ्या झाल्या. १९९३ मध्ये साथ आली तेव्हा त्या आया होण्याच्या वयात होत्या. म्हणून रुबेलाच्या बाबतीत "थोडी लस" ही "अजिबात नाही" याहूनही वाईट ठरू शकते. तालुक्यात बाळांचं लसीकरण साठ-सत्तर टक्क्यांवर अडलं, तर त्याची किंमत पुढे पंधरा-वीस वर्षांनी मुली मोजतात.

उलटं उदाहरण श्रीलंकेचं. त्यांनी १९९६ पासून मुली आणि तरुण बायकांना लस द्यायला सुरुवात केली, पुढे लहान मुलांचं लसीकरण नेटाने चालवलं, आणि रुबेला हद्दपार केला. आपल्या देशानेही गोवर आणि रुबेला यांच्या निर्मूलनाचं लक्ष्य २०२६ ठेवलं आहे.

मालेगावात २०२२ मध्ये साथ आली होती ती गोवराची. रुबेलाशी तिचा काय संबंध?

लस एकच आहे. जिथे गोवर पसरतो तिथे गोवर-रुबेलाचे डोस चुकले आहेत, हे उघड होतं. गोवर फार वेगाने पसरतो आणि लगेच दिसतो. रुबेला सावकाश पसरतो आणि दिसतही नाही. म्हणजे ज्या मोहल्ल्यात गोवराचे रुग्ण सापडले, तिथल्या तरुण मुलींच्या रुबेलाच्या नोंदी तपासायलाच हव्यात. यंत्रमागावर बारा तास राबणाऱ्या घरात कार्ड शोधायला कोणाला सवड नसते, तिथे आशाताईनेच दारात जावं लागतं.

आमच्याकडे पुरळ आलं की "देवी आली" म्हणून मूल घरात ठेवतात, कडुनिंबाचा पाला लावतात. ते चूक का?

घरात ठेवणं चांगलंच आहे, त्याने इतरांना होणारी लागण कमी होते. पाला लावल्याने बिघडत नाही. फक्त दोन गोष्टी त्यात घाला : आशाताईला कळवा, आणि घरात, वाड्यात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल तर तिला काही दिवस त्या खोलीपासून लांब ठेवा. श्रद्धेला यातलं काही आड येत नाही.

मुलगी नर्सिंगला आहे. तिला वेगळं काही लागतं का?

एमएमआरचे दोन डोस आणि त्यांची लेखी नोंद. प्रसूतिकक्षात किंवा गरोदर मातांच्या तपासणीत ती उभी राहणार, तिच्यामुळे कोणाला लागण होता कामा नये. नाशिकमध्ये आरोग्य विद्यापीठ आहे, शहरात आणि आसपास नर्सिंग, वैद्यकीय, दंतवैद्यकीय शिकणाऱ्या मुली हजारोंनी आहेत. वॉर्डमध्ये पाठवण्यापूर्वी ही नोंद प्रत्येक कॉलेजने बघावी, असं माझं ठाम मत आहे.

बाळाच्या डोळ्यात जन्मतः पांढरं दिसतंय. रुबेला असेल का?

असू शकतं, इतरही कारणं असतात. थांबू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन जितक्या लवकर तितकी नजर वाचते, त्यामुळे आठवडेही महत्त्वाचे असतात. सोबत कानांची तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मजात व्यंगांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि हे लक्षात ठेवा : असं बाळ वर्षभरापर्यंत विषाणू बाहेर टाकत असू शकतं. त्याला बघायला येणाऱ्यांत कोणी गरोदर असेल तर तिला प्रेमाने थांबवा.

यात आईचा काहीही दोष नसतो. ग्रहणात बाहेर पडली, अमुक खाल्लं, असलं काही तिच्या कानावर पडू देऊ नका.

आमच्या आश्रमशाळेत मुलींची नोंदच सापडत नाही. पालक द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे गेलेले असतात. काय करावं?

वसतिगृहात मुली एकाच खोलीत झोपतात, त्यामुळे एकीला झालेला रुबेला लस न घेतलेल्या सगळ्यांमध्ये पसरू शकतो. सुट्टीत मुली घरी जातात, घरी वहिनी गरोदर असते. म्हणून आश्रमशाळांतल्या नोंदी शहरातल्या शाळांपेक्षा जास्त जपायला हव्यात, आणि नेमक्या तिथेच त्या सापडत नाहीत.

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालक स्वतः येतात. तीच वेळ गाठा. प्रवेश अर्जासोबत लसीकरण कार्डाची झेरॉक्स मागा, कार्ड नसेल तर "एमआर किंवा एमएमआर : मिळाली / नोंद नाही" असा एक रकाना भरून घ्या आणि लसीसाठी पालकांची संमती सही-अंगठ्यासह त्याच दिवशी घेऊन ठेवा. "नोंद नाही" अशा मुलींची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, एक प्रत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. डोस झाला की तारीख मुलीच्या आरोग्य पत्रिकेत लिहा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत त्या पानाची प्रत तिच्या हातात द्या.